कोल्हापूर स्थानकावरील अनोळखी मदतनिसांचे मनःपूर्वक आभार

मिरजेहून १८९१ साली आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच संपतो, आणि पुढे राधानगरी किंवा गारगोटी गाठायची तर श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत चालत जाऊन एस.टी. धरावी लागते. अंतर थोडेच आहे, पण आजारी माणसाला तेही फार वाटते.

गेल्या आठवड्यात मिरज पॅसेंजरमधून उतरताच माझ्या आईला भोवळ आली. तिला बाकावर बसवून पदराने वारा घालणाऱ्या भगिनी आणि न सांगता चाकांची खुर्ची घेऊन आलेले हमालदादा यांचे आम्ही ऋणी आहोत. गारगोटी गाडीच्या वाहकांचे आभार तर कोणत्या शब्दांत मानावेत? सुटण्याची वेळ झालेली असतानाही त्यांनी चालकांना थांबण्याची विनंती केली, पुढचे आसन रिकामे करून दिले आणि गावच्या फाट्यावर स्वतः हात धरून आईला खाली उतरवले. प्रवाशांपैकीही कोणी कुरकुर केली नाही, याचा आवर्जून उल्लेख करावासा वाटतो.

आईची प्रकृती आता उत्तम आहे. आमच्या पिशव्या बसस्थानकापर्यंत आणून देणाऱ्या विद्यार्थ्याची छत्री आमच्याकडे राहिली होती. ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर ठेवली आहे, त्याने कृपया घेऊन जावी.