परसबागेला आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) सुट्टी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील परसबागेच्या सदरात ‘उन्हाळ्यात गच्चीवर टोमॅटो, मिरची, पालक लावा’ असा सल्ला वाचला. पुण्या-नाशकाच्या गच्चीला तो चालत असेल, जळगाव-भुसावळला चालत नाही. इथे एप्रिल अर्धा सरला की पारा ४२-४४ अंशांना टेकतो आणि रात्रीही स्लॅब निवत नाही. दिवसाचे तापमान ३५ च्या आणि रात्रीचे २४-२५ च्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल देठासकट गळते. लोकांना वाटते खत कमी पडले. ते आणखी खत घालतात, झाड माजते, फळ धरत नाही ते नाहीच. पालक चार पाने देऊन फुलोऱ्यावर जातो. वर पाण्याचा हिशेब पाहा. २० लिटरच्या कुंडीतले भरलेले वांग्याचे झाड मे महिन्यात रोज दोन-अडीच लिटर पाणी पिते. अशा २५ कुंड्या म्हणजे ५०-६० लिटर, आणि नळ येणार चार-चार दिवसांनी!

खान्देशातली परसबाग मृगापासून होळीपर्यंतची. वांग्या-मिरचीचे रोप जूनच्या सुरुवातीला सावलीत टाकावे, चार-पाच आठवड्यांनी लावावे. गवार, भेंडी, गिलके पहिल्या चांगल्या पावसावर. टोमॅटोचे रोप ऑगस्टअखेर टाकून ऑक्टोबरच्या आत लावले तर ऐन थंडीत फळ येते. मेथी-पालक दसऱ्यानंतर. होळी झाली की बाग आवरायला घ्यावी, आखाजीपर्यंत कुंड्या मोकळ्या कराव्यात. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई एवढीच झाडे उन्हाळाभर जगवायची. त्यांना आंघोळीचे पाणी पुरते, कपड्यांच्या साबणाचे मात्र घालू नये. मे महिन्याची भाजी वाळवणाच्या डब्यातून काढायची.

आता वाळवणाबद्दल, कारण इथे आपल्याच रीतीत एक खोट आहे. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड यांना एप्रिल-मेचे ऊन हवेच. पण भाजीही त्याच उन्हात घालायची, हे चुकते. ४४ अंशांच्या उन्हात आणि गरम वाऱ्यात जाड फोड वरून तासाभरात कडक होते, आतले पाणी आतच कोंडते. हाताला कडकडीत लागते, डब्यात जाते आणि आषाढात बुरशी धरते. रंग उडतो तो वेगळाच. भाजीसाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम. हवा कोरडी, ऊन सोसवेल एवढे, आणि थंडीचा माल घरात पडलेला.

गवार कोवळी घ्यावी, बी भरलेली नको. लिटरला चहाचा एक चमचा मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटे, तिथून थेट गार पाण्यात, मग फडक्यावर निथळत. हे उकडणे टाळले तर शेंग वाळते, पण दोन महिन्यांत तिला वाळल्या गवताचा वास येतो. टोमॅटो आणि वांग्याच्या काचऱ्या तीन-चार मिलिमीटरच्या, त्याहून जाड नकोत. वांग्याच्या काचऱ्या चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, नाहीतर काळ्या पडतात. (भरताचे वांगे या कामाचे नाही. त्याचा गर मऊ आणि पाणचट. ते पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजूनच खावे.) मेथीची नुसती पाने खुडून घरात सावलीत, पंख्याखाली. उन्हात घातली की वास गेला.

वाळत घालायला स्लॅबवर प्लास्टिक अंथरणे सर्वांत वाईट. खालून भाजते, आणि सुटलेले पाणी भाजीखालीच साचते. खाट काढावी, त्यावर सुती पातळ (लुगडे), त्यावर भाजीचा एकच थर, वरून दुसरे विरळ पातळ. खालून वारा खेळतो, माशी आणि धूळ बसत नाही. दिवस मावळायच्या आत घरात घ्यावे, कारण बारीक पतंग संध्याकाळीच अंडी घालतात. पुढे ‘डब्यात किडे कुठून आले’ म्हणतो, ते तिथूनच. दोन-तीन दिवसांत गवारीची शेंग कडकन मोडू लागते. वाकली तर अजून एक ऊन. किलोभर गवारीचे वाळून पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम उरतात, टोमॅटोचे जेमतेम ६०-७०. टोमॅटो घरचाच आणि भरमसाट असेल तरच हा खटाटोप परवडतो.

पुष्कळांचा माल डब्यात भरताना बिघडतो. उन्हातून आणल्या आणल्या भरू नये. गरम मालाची वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी खाली टपकते. रात्रभर निवू द्यावे. मग काचेची बरणी पाऊण भरून आठवडाभर रोज हलवून पाहावी. आतून दव दिसले किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर सगळे परत खाटेवर. पातळ पिशवीला वाळल्या शेंगेचे टोक भोक पाडते, म्हणून स्टीलचा घट्ट डबा किंवा बरणीच. मृग लागण्याआधी एकदा उघडून तासभर ऊन दाखवावे, निववून पुन्हा बंद करावे. त्यानंतर पावसाळ्यात मोठा डबा सारखा उघडायचा नाही, आठवड्याचे छोट्या बरणीत काढून घ्यायचे.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बांधावर काकडी, गिलके, डांगर, टोमॅटो, मिरची लावू नये. केळीचा हरण्या हा विषाणूरोग याच पिकांवर मुक्काम करतो आणि मावा ही कीड तो केळीवर नेते. घरच्या चार भाज्यांपायी बाग जायची. भाजीचा वाफा केळीपासून लांब घ्यावा.

आणि मोकळ्या झालेल्या वाफ्यांचे काय? तिथेच आपले रणरणते ऊन कामाला येते. माती तापवायला सदरात सांगितलेले काळे प्लास्टिक नको, पारदर्शकच हवे, २५ मायक्रॉनचे. वाफा मोकळा करून, ढेकळे फोडून, भरपूर पाणी द्यावे. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही. प्लास्टिक मातीला चिकटून ताणावे, कडा चारही बाजूंनी मातीत दाबाव्यात. एक कड जरी उघडी राहिली, तरी ऊब निघून जाते. चार ते सहा आठवड्यांत तणाचे बी आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी बरेचसे मरतात. कुंडीत गांडुळे सोडली असतील तर ती आधी काढून सावलीतल्या खतात ठेवावीत. जमिनीतली खोल जातात, कुंडीतल्यांना पळायला जागा नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टिक काढावे, माती न उकरता वरच दोन बोटे जाडीचा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा थर द्यावा आणि पाऊस पडला की त्यातच गवार टोकावी.

सदराचा पुढचा भाग खान्देश आवृत्तीत छापताना तारखा तेवढ्या बदलून घ्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)