आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या मॅडमना

मॅडम, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण आमच्या बॅचचं कुणीही वाचलं तरी लगेच ओळखेल.

आठवीत तुमच्या वर्गात आले तेव्हा मी इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडायचे नाही. त्याआधी एका क्लासला मी "माले येत नही" बोलून गेले आणि सगळे हसले, शिकवणारे पण हसले, तेव्हापासून. तुम्ही मात्र म्हणालात, आधी अहिराणीत सांग, मग आपण दोघी मिळून इंग्रजीत आणू. ईटचं ईट्स का होतं ते वर्षानुवर्षं डोक्यात शिरत नव्हतं, तुम्ही फळ्यावर लिहिलंत तो खास, ती जास, पाणी पडस, हा 'स' आपल्याकडे आहेच की, फक्त आपण तो 'मी'ला पण लावतो आणि इंग्रजीत तो एकट्या तिसऱ्यालाच लागतो. झालं, परत कधी चुकले नाही.

पण खरे आभार डॅफोडिल्सच्या तासाचे मानायचेत. ते फूल आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही, तुम्ही पिवळ्या खडूने काढलंत आणि सांगितलंत की वर्ड्सवर्थ कवितेत एकटाच भटकत होतो म्हणतो, पण 15 एप्रिल 1802 ला ती फुलं दिसली तेव्हा त्याची बहीण डोरोथी सोबत होती, आणि तळ्याकाठी वाऱ्यावर नाचणारी ती फुलं तिने आधी आपल्या डायरीत लिहिली होती, कविता छापून आली 1807 मध्ये. मग तुम्ही आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंवर आलात, त्यांना तर लिहिताच येत नव्हतं, घरच्यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून राहिली, पुस्तक 1952 ला निघालं तेव्हा त्या नव्हत्या. वर्गात एकदम शांत झालं होतं, मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हा अकरा मुलींना अकरा वह्या आणल्यात, रोज दोन ओळी इंग्रजीत, कशावरही.

निंदणीच्या दिवसात मी शाळेत नव्हते तरी वही शेतात न्यायचे. कपाशीचं फूल आज पिवळं असतं आणि उद्या गुलाबी होतं, एवढंच लिहिलं होतं एकदा, तीन स्पेलिंग चुकलेली, तुम्ही ती तशीच ठेवलीत आणि खाली लाल पेनाने विचारलंत, मग परवा काय होतं? मी परत शेतात जाऊन बघून आले मॅडम!! परवा ते गळतं आणि तिथे बारीक बोंड धरतं. तेही लिहिलं.

आता मी नाशिकला एका दवाखान्यात रिपोर्ट टाईप करते, दिवसभर इंग्रजीच असतं. घरी लेकीशी अहिराणीच बोलते.

आखाजीला माहेरी येतेय. वही सोबत आणते, तेव्हा घरीच राहा.