खाणीवरच्या शेडसाठी सभासदांना आवाहन

मंडळाचे सर्व सभासद, आश्रयदाते आणि हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

उत्तर वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) खाणीवरील ज्या शेडला आपण गेली पाच वर्षे ‘आपली शेड’ म्हणत आलो आहोत, तिच्या पश्चिमेकडच्या उंच भिंतीचे वरचे चार थर गेल्या हिवाळ्यात सुटले आहेत. दगडांच्या सांध्यांत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि दगड उचलून टाकते. चुन्याचे काम कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी सुकावे लागते, त्यामुळे ऑक्टोबर संपेपर्यंत भिंतीचा माथा बांधून झाला नाही तर पुढच्या वसंत ऋतूत सहलीला जाऊन पाहण्यासारखे फारसे उरणार नाही.

नव्या सभासदांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपली दरवर्षीची सहल लानबेरिसच्या दिनॉर्विक खाणीपासून सुरू होते. ऐन भरात तीन हजारांहून अधिक माणसे पोसणारी ही खाण ऑगस्ट १९६९मध्ये बंद पडली आणि यंत्रसामग्री लिलावात निघाली. तरीही १८७० साली बांधलेली गिलवाख दी येथील चौसोपी कार्यशाळा, म्हणजे ओतशाळा, लोहारकाम, सुतारकाम आणि १५.४ मीटर व्यासाचे पाणचक्र, आज जागच्या जागी आहे. त्याचे मोठे श्रेय खाणीचे मुख्य अभियंता ह्यू रिचर्ड जोन्स यांच्याकडे जाते. त्यांनी ती यंत्रे भंगारात जाऊ दिली नाहीत, आणि १९७२मध्ये तिथे संग्रहालय उघडले. वर डोंगरावरच्या अँगलसी बरॅकींच्या नशिबी मात्र तसे कोणी आले नाही. समोरासमोरच्या दोन रांगांत बावीस खोल्या होत्या. सोमवारी पहाटे घरून निघालेले कामगार शनिवारपर्यंत तिथेच, विजेवाचून आणि शौचालयावाचून राहत. १९४८मध्ये आरोग्य निरीक्षक अचानक येऊन पाहून गेले आणि ती वस्ती बंद झाली. आता छप्पर नाही, चुली तेवढ्या दिसतात. मागच्या सहलीत आपल्या एका आजींनी त्यातल्या एका चुलीपाशी उभे राहून, ‘गिरणगावातल्या खोल्या अशाच होत्या, फक्त दारात पाऊस कमी होता,’ असे म्हटले होते.

२०२१च्या जुलैमध्ये या साऱ्या पाटी-प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तरीही नामांकित स्थळांच्या आजूबाजूला छोट्या खाणींची असंख्य बांधकामे उघडी पडली आहेत. आपली शेड त्यांपैकीच एक. खाण बंद झाल्यावर छपरावरची कौले, वासे, लोखंड सारे विकले गेले आणि भिंती पावसात उभ्या राहिल्या. एक टन विकाऊ पाटीमागे नऊ-दहा टन दगड टाकून द्यावा लागत असे. त्याच टाकाऊ दगडात या भिंती रचलेल्या आहेत. इथे कारागीर छिन्नी आणि मोगरीने दगड चिरत. करवतीची यंत्रे आली तरी चिरण्याचे काम हातानेच राहिले. चिरलेल्या कौलांना मापाप्रमाणे सरदारणींची नावे असत : चोवीस इंच बाय बारा म्हणजे डचेस, वीस बाय दहा म्हणजे काउंटेस, सोळा बाय आठ म्हणजे लेडी. (आपल्या बालवर्गाने सहलीत लगेच स्वतःचीही वर्गवारी करून घेतली, ती इथे देत नाही.) ज्या पिढीने लाकडी चौकटीच्या दगडी पाटीवर ‘श्री’ गिरवला आणि दसऱ्याला त्याच पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, तिला या दगडाबद्दल अधिक सांगायला नको.

मंडळाने या कामात जे केले त्याचा आम्हाला अभिमान आहे. पहिल्या वर्षी भिंतीतून वर आलेली अ‍ॅशची रोपे आणि आयव्हीची मुळे काढण्यासाठी आपले चौदा जण सलग दोन शनिवार-रविवार राबले. आपल्या माजी खजिनदार काकूंनी त्या काळात थर्मास भरभरून चहा आणि शिरा आणला, एवढेच नव्हे तर गुडघ्यांचे दुखणे विसरून स्वतः हातमोजे चढवले. दुसऱ्या वर्षी एका निवृत्त डॉक्टर दांपत्याने मुलीच्या लग्नातला आहेर जसाच्या तसा परांचीच्या भाड्यासाठी दिला. नाव छापू नका असे त्यांनी बजावले होते, म्हणून छापलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. पुरणपोळीच्या स्टॉलवर पहाटेपासून उभ्या राहिलेल्या भगिनींचे ऋण तर फिटणारच नाही. खंडेनवमीला आपण तिथल्या हत्यारांची पूजा केली, तेव्हा स्थानिक गटाच्या ज्येष्ठ गवंडीकाकांनी आपली थापी स्वतःहून पुढे केली. तिच्या मुठीवरचे कुंकवाचे बोट त्यांनी अजून पुसलेले नाही. भेटले की दाखवतात.

म्हणूनच एक गोष्ट लिहिताना वाईट वाटते. गेल्या वर्षीच्या पत्राला साडेतीनशे कुटुंबांपैकी अकरांचे उत्तर आले आणि त्यातल्या चौघांनी जेवणाची सोय आहे का एवढेच विचारले होते. गणपतीच्या प्रसादाच्या कुपनांसाठी रात्री अकरापर्यंत फोन करणारे आपलेच सभासद आहेत, हे कार्यकारिणी जाणून आहे. ‘वेल्सच्या भिंतींशी आपला काय संबंध’ असेही ऐकू आले. ज्यांची मुले याच डोंगरांच्या छायेत शिकतात, त्यांनी तरी तो प्रश्न विचारू नये अशी नम्र अपेक्षा आहे.

आता तपशील. भिंतीचा माथा बांधणे, सांध्यांत चुना भरणे आणि परांचीचे भाडे मिळून २,४०० पौंड लागतील. हाती ८६० आहेत. जागामालकांची परवानगी आणि संबंधित खात्याची संमती स्थानिक गटाने घेतलेली आहे, गवंडीकाम जाणकारच करतील, आपल्याला चुना कालवणे, दगड वाहणे व राडारोडा उचलणे एवढेच करायचे आहे. देणगी मंडळाच्या नेहमीच्या खात्यात ‘शेड’ असा संदर्भ लिहून सप्टेंबरअखेर जमा करावी, पावती खजिनदार देतील. श्रमदान ऑक्टोबरच्या पहिल्या दोन शनिवारी आहे. येणाऱ्यांनी जाड तळाचे बूट, हातमोजे व पावसाळी कोट आणावा, सोळा वर्षांखालील मुलांना परांचीजवळ येता येणार नाही, आणि गाडीत जागा असल्यास किंवा हवी असल्यास चिटणीसांना आठवडाभर आधी कळवावे. जेवणाची सोय आहे.

कार्यकारिणीच्या वतीने,
आपला नम्र,
चिटणीस