आधी ओळख परेड, मग छायाचित्र

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुन्ह्यांच्या बातम्यांमध्ये अलीकडे एक विसंगती नित्याची झाली आहे. आरोपीला बुरखा घालून न्यायालयात नेले जात असल्याचे छायाचित्र छापले जाते आणि त्याच बातमीच्या शेजारच्या रकान्यात त्याचा समाजमाध्यमांवरून उचललेला, उघडा चेहराही झळकतो. बुरखा आरोपीची अब्रू राखण्यासाठी असतो असा अनेकांचा समज असल्यामुळे त्यावर रागही व्यक्त होतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः साक्षीदारासाठी असतो. ओळख परेड, म्हणजे आरोपीला इतरांसोबत रांगेत उभे करून साक्षीदाराला त्याला ओळखायला सांगणे, होण्यापूर्वी साक्षीदाराने आरोपीचा चेहरा अन्यत्र कोठेही पाहू नये, हा त्यामागचा हेतू. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवीत असे, आणि हा हेतू मोडल्याने नेमके काय बिघडते हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ओळखण्याची स्मृती, पाठ्यपुस्तकांत जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात ती, एरवी मोठी तल्लख असते. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पाच दिवसांत तब्बल १०,००० चित्रे, प्रत्येकी पाच सेकंद, दाखवण्यात आली. नंतर एक पाहिलेले आणि एक नवे अशा जोड्या समोर ठेवल्या, तेव्हा सुमारे ८३ टक्के वेळा त्यांनी पाहिलेले चित्र बरोबर निवडले. मात्र जोडीतल्या दोन चित्रांपैकी एक नक्की पाहिलेले असते, तशी खात्री पोलीस तपासात नसते. म्हणून प्रयोगशाळेत दुसरी पद्धतही वापरतात : चित्रे किंवा शब्द एकेक करून दाखवायचे आणि ‘हे आधी पाहिले होते का?’ एवढेच विचारायचे. जो प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणेल त्याची पाहिलेली सगळी चित्रे बरोबर येतील, पण त्याला काहीही आठवत नसेल! त्यामुळे खऱ्या ‘हो’बरोबर चुकीच्या ‘हो’चीही मोजदाद करावी लागते. मूळच्या रडारच्या पडद्यावरील संकेत ओळखण्याच्या अभ्यासातून आलेले हे गणित दोन गोष्टी वेगळ्या करते : माणसाला जुने आणि नवे किती चांगले वेगळे करता येते, आणि ‘हो’ म्हणायला तो किती लवकर तयार होतो. यातली दुसरी गोष्ट स्मृतीवर कमी आणि परिस्थितीवर जास्त अवलंबून असते. ‘आरोपी पकडला आहे, ओळखायला या’ असा निरोप मिळालेला फिर्यादी कोणत्या मनःस्थितीत तेथे पोहोचतो, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

ओळखीच्या पोटात मुळात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये एका साध्या उदाहरणाने दाखवले. बसमध्ये एक चेहरा दिसतो, ओळखीचा असल्याची पक्की जाणीव होते, पण कोण ते उमगत नाही. बऱ्याच वेळाने लक्षात येते की हा तर आपला नेहमीचा खाटीक. आधी होते ती नुसती परिचयाची जाणीव. कोठे, केव्हा पाहिले याची आठवण ही निराळी प्रक्रिया आहे, आणि पहिली आली म्हणजे दुसरी येईलच असे नाही. परिचयाच्या जाणिवेवर तिच्या उगमाचा शिक्का नसतो. ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञावर १९७० च्या दशकात एका महिलेने बलात्काराचा आरोप केला. पण गुन्ह्याच्या वेळी ते दूरचित्रवाणीवरील थेट कार्यक्रमात बोलत होते. हल्ल्यापूर्वी ती तोच कार्यक्रम पाहत होती. चेहरा खरोखर पाहिलेला होता, पण पडद्यावर.

यावर कोणी म्हणेल की ज्याला खात्री आहे त्याचे म्हणणे तरी मानावे. वर्गात मी एक प्रयोग करीत असे. अंथरूण, उशी, गादी, जांभई, घोरणे, स्वप्न, रात्र, डुलकी, पाळणा असे शब्द सावकाश वाचून दाखवायचे, मध्ये थोडी गणिते घालायची आणि मग फळ्यावरच्या मिश्र यादीतून ऐकलेले शब्द निवडायला सांगायचे. ‘झोप’ हा शब्द मी वाचलेलाच नसे. तरी वर्गातल्या अनेकांच्या वहीत त्यावर खूण असे, आणि काही विद्यार्थी तो मी कोणत्या शब्दानंतर उच्चारला हेही सांगत. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये इंग्रजी शब्दयाद्या वापरून हाच परिणाम पद्धतशीरपणे मांडला होता. माझे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. प्रामाणिकपणे चुकणारा साक्षीदारही खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच उलटतपासणीत तो डगमगत नाही.

रांगेतून निवड करताना आणखी एक अडचण येते. गॅरी वेल्स यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रयोगात, बनावट गुन्हा पाहिलेल्या साक्षीदारांपुढील रांगेतून खरा गुन्हेगार काढून टाकला आणि त्याच्या जागी कोणालाही ठेवले नाही. तरी ज्यांनी एरवी गुन्हेगाराला निवडले असते त्यांतील बहुतेक जण ‘यात तो नाही’ असे न म्हणता उरलेल्यांपैकी कोणाकडे तरी वळले. वेल्स यांनीच एमी ब्रॅडफिल्ड यांच्यासह १९९८ मध्ये दाखवले की चुकीची निवड केलेल्या साक्षीदाराला ‘छान, संशयितालाच ओळखलेत’ एवढे म्हटले, तरी आपल्याला आधीपासूनच पूर्ण खात्री होती, गुन्हेगार स्पष्ट दिसला होता, असे तो सांगू लागतो.

हे सारे एकाच खटल्यात कसे गुंफले जाते, हे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रोनाल्ड कॉटन यांच्या प्रकरणात दिसते. १९८४ मध्ये अत्याचारग्रस्त तरुणीने आधी छायाचित्रांतून आणि मग प्रत्यक्ष रांगेतून त्यांना निवडले. दोन्ही ठिकाणी समान असलेला चेहरा कॉटन यांचाच होता. छायाचित्रातून तोच निवडला होता, असे पोलिसांनी सांगताच तिची खात्री वाढली. पुढे खरा गुन्हेगार न्यायालयात तिच्यासमोर उभा केला गेला, तेव्हा याला आपण कधीच पाहिलेले नाही, असे तिने सांगितले. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरले, तोवर त्यांची दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती.

म्हणून साक्षीदाराची ओळख टाकाऊ आहे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले, की रांग निष्पक्ष असेल तर पहिल्याच वेळी, ओळखताक्षणी व्यक्त झालेला आत्मविश्वास चांगलाच भरवशाचा असतो. ओळखीची खरी परीक्षा एकदाच होते. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी साक्षीदार आधीचीच निवड ओळखत असतो. आपल्या कायद्यात ओळख परेड हा केवळ पुष्टी देणारा पुरावा आहे आणि मुख्य पुरावा न्यायालयातील ओळख हा आहे. स्मृतीच्या दृष्टीने मला हे उलटे वाटते, कारण काही वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्या एकाच माणसाकडे बोट दाखवणे ही काही कसोटी नव्हे.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडचे नियम आहेत : एका आरोपीसाठी किमान सहा सारख्या दिसणाऱ्या व्यक्ती रांगेत असाव्यात, पोलीस तेथे नसावेत. नियम शहाणपणाचे आहेत. त्रुटी एवढीच, की कोण आरोपी आणि कोण डमी (रांगेत उभी केलेली इतर व्यक्ती) हे परेड घेणाऱ्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला ठाऊक असते आणि साक्षीदाराचे नेमके शब्द पंचनाम्याच्या ठरावीक भाषेत हरवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असल्यास दृक्‌श्राव्य चित्रीकरणाची तरतूद आहे. ती सर्वच परेडना लागू करावी आणि रांगेपुढे साक्षीदारासोबत आरोपी कोण हे माहीत नसलेला अधिकारी असावा.

वृत्तपत्रांकडे मागणी त्याहून सोपी आहे. ज्या गुन्ह्यात आरोपी फिर्यादीला अनोळखी आहे, तेथे परेड झाल्याची खातरजमा होईपर्यंत त्याचे छायाचित्र छापू नये आणि संकेतस्थळावरही टाकू नये. फरार आरोपीची गोष्ट वेगळी, कारण त्याला शोधण्यासाठी चेहरा प्रसिद्ध करावाच लागतो. पण तो सापडल्यावर साक्षीदाराने ते छायाचित्र पाहिले होते का, कोठे आणि कितीदा, हे परेडपूर्वी विचारून पंचनाम्यात लिहिले जावे.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा