बीटचा हवालदार ओळखीचा हवा

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी रात्री आईने फोनवर शेजारच्या काकूंच्या पाटल्या गेल्याचे सांगितले. मी पुढे काही विचारणार तोच बाबांनी फोन हातात घेतला आणि 'आम्ही आमची काळजी घेतो, तू तिकडे जीव टांगणीला लावू नकोस,' एवढे बोलून विषय संपवला. बाबा, तुमच्याशी फोनवर वाद घालणे मला आजवर जमलेले नाही. लिहिलेले मात्र तुम्ही मास्तरकीच्या सवयीने शेवटपर्यंत आणि दोनदा वाचता, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

काकूंच्या बाबतीत काय घडले ते मी दुसऱ्या दिवशी आईकडून पुन्हा सविस्तर ऐकले. भाजी घेऊन परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांना अडवले. एकाने खिशातून कसलेसे ओळखपत्र काढून क्षणभर समोर धरले, 'पुढच्या गल्लीत चाकू दाखवून लुटले आहे, आमची तपासणी चालू आहे, एवढे सोने घालून कशाला फिरता आजी,' असे दटावले आणि पाटल्या काढायला लावल्या. कागदाची पुडी त्यानेच बांधली आणि त्यांच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवून दिली. घरी येऊन उघडली तेव्हा आत रस्त्यावरची खडी निघाली. तेव्हापासून काकूंनी धड जेवण घेतलेले नाही आणि 'मी माझ्या हातांनी काढून दिल्या' हे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत असतात, असे आई म्हणाली. पाटल्या गेल्याचे वाईट वाटलेच, पण त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

आई, तू काकूंना माझ्या वतीने एवढे सांग की यात त्यांचा काडीचाही दोष नाही. तोतया पोलिसांची ही युक्ती आपल्या राज्यातल्या शहराशहरांत वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि मंदिरात, बाजारात एकट्या जाणाऱ्या वयस्कर बायकाच तिला अधिक बळी पडतात. खरा पोलीस भर रस्त्यात कुणालाही दागिने काढून पुडीत बांधायला सांगत नाही, हे काकूंना कुणी कधी समजावून सांगितले नव्हते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपल्या भागाच्या बीटवरचा, म्हणजे आपल्या आळीच्या गस्तीवर नेमलेला, एकही पोलीस त्यांना चेहऱ्याने ठाऊक नव्हता. खरा ठाऊक असता, तर खोट्यासमोर त्या निदान क्षणभर थबकल्या असत्या आणि ओळखीच्या कुणाला तरी हाक मारली असती.

बाबा, मला खरे बोलायचे आहे ते याच गोष्टीविषयी, कारण एके काळी आपल्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही बीटचा हवालदार नावाने माहीत होता आणि ती ओळख घडवून आणणाऱ्यांत तुम्ही होता. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल पेटली तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. १९८४ च्या मे महिन्यातल्या दंगलीत मी चार वर्षांची होते. तेव्हाचे मला एवढेच आठवते की आपल्या मागच्या गल्लीतले यंत्रमाग बंद पडले होते आणि ज्या खटखटीत मी रोज झोपायची ती खटखट नसल्यामुळे मला झोप येत नव्हती. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. आधीच्या दंगलींचा त्यांनी अभ्यास केला होता. दोन समाज एकमेकांशी बोलत नाहीत आणि पोलीस दोघांशीही बोलत नाहीत, म्हणून एखादी अफवा सहज सगळे शहर पेटवू शकते, असे त्यांचे निदान होते. दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागाचे पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. आपल्या समितीची बैठक तुमच्याच शाळेच्या वर्गात भरायची. मागवाले चाचा, किराणा दुकानदार, तुम्ही आणि दोन हवालदार अशी मोठी माणसे तिसरीच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली मी दाराआडून पाहिली आहेत.

त्या बैठकांची तुमची खाकी कव्हराची वही मी दिवाळीत माळ्यावरून काढून पुन्हा वाचली. 'सुरक्षा' हा शब्द त्यात कुठेच आला नाही. नळावरच्या भांडणावर पाण्याच्या पाळ्या लावून दिल्याची नोंद आहे, कारखान्यापुढे सुताची गाठोडी पडून वाट अडते अशी तक्रार आहे, गणपतीच्या आणि उरुसाच्या भोंग्यांच्या वेळा दोन्ही बाजूंनी मिळून ठरवल्याची नोंद आहे, आणि एके ठिकाणी तुमच्या वळणदार अक्षरात 'कोपऱ्यावरचा दिवा, चौथ्यांदा सांगितले' असे लिहून खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून भांडणे पेटतात आणि त्या वेळीच मिटवल्या तर पुढचे अनर्थ टळतात, हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवा चौथ्या वेळी सांगून लागला की पाचव्या वेळी, हे मात्र वहीतून कळत नाही.

बाबरी मशीद पाडली गेली त्या ६ डिसेंबर १९९२ च्या रात्री मी बारा वर्षांची होते आणि आई खिडकीशी उभी राहून मागांचा आवाज ऐकत होती. तुम्ही, मागवाले चाचा आणि बीटचे दोघे हवालदार चौकात होता. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत होती, पण ज्या भिवंडीचे नाव घेताच लोक दंगलच आठवायचे ती भिवंडी शांत राहिली. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांचे काम उभे राहिले. मला वडिलांचा अभिमान वाटावा असे प्रसंग पुष्कळ आहेत, पण त्यांतला पहिला हा आहे.

हे सारे तुम्हीच केलेले तुम्हाला सांगण्याचे कारण असे, की गेल्या वर्षभरात मीही अशाच बैठकांना जाऊ लागले आहे. स्टेशनवरून आमच्या वसाहतीकडे येणाऱ्या रस्त्याचा मधला तुकडा रात्री काळोखात असतो आणि तिथे दोनदा बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रे ओढली गेली. आम्ही आधी चौकीत गेलो, तिथे गस्त वाढवण्याचे आश्वासन मिळाले. प्रभाग कार्यालयात गेलो, तिथल्या विद्युत विभागाने तपासणी करून सगळे दिवे चालू असल्याचे लेखी कळवले, आणि ते उत्तर खोटे नव्हते. दिवे खरोखरच चालू होते. पण कमानीसारख्या वाढलेल्या झाडांच्या पानांत सगळा उजेड वरच्या वर अडकत होता आणि खाली रस्ता अंधारात राहत होता. फांद्या छाटायच्या तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ते काम उद्यान विभागाकडे असते. म्हणजे पोलिसांचे, विद्युत विभागाचे आणि उद्यान विभागाचे प्रत्येकी खरे असलेले म्हणणे एकत्र केल्यावरसुद्धा बाईला मात्र काळोखातूनच घरी यावे लागत होते.

तेव्हा मला तुमची वही आठवली आणि तिसऱ्या बैठकीत मी एवढीच विनंती केली, की तिन्ही ठिकाणच्या एकेका माणसाने एका रात्री साडेनऊ वाजता आमच्याबरोबर तो रस्ता चालून पाहावा. विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता, उद्यान विभागाचे एक कर्मचारी आणि बीटवरच्या एक महिला पोलीस अशी तिघे आली आणि आम्ही रहिवासी अकरा जण होतो. खांबांवरचे क्रमांक आम्ही टॉर्चच्या उजेडात वाचून लिहून घेतले. एका झाडाखाली त्या पोलीसबाईंनी मला थांबवले, स्वतः दहा पावले मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ताई, मला तुमचा चेहरा दिसत नाही.' अभियंत्यांनी तिथेच उभे राहून तीन खांबांवर पानांच्या खाली दुसरा दिवा बसवता येईल असे सुचवले. छाटणीची परवानगी मिळून काम व्हायला पाच आठवडे लागले, दोन खांबांवर खालचे दिवे बसले, तिसरा अजून व्हायचा आहे आणि दर बैठकीत मी त्याचा क्रमांक वाचून दाखवते. पण माझ्या दृष्टीने दिव्यांहून मोठे काम त्या रात्री झाले. त्या पोलीसबाई आता मला आणि माझ्या धाकटीला नावाने ओळखतात, आणि धाकटीला कुणी रस्त्यात अडवून 'मी पोलीस आहे' म्हटले, तर कुणाला हाक मारायची हे तिला ठाऊक आहे.

आता तुमच्याकडे येते. २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि त्याखाली आपल्या राज्याने २०१० मध्ये नियम केले. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः घरात तरुण माणूस नसलेल्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलिसाने, शक्यतो एखाद्या सामाजिक कार्यकर्त्याला बरोबर घेऊन, महिन्यातून निदान एकदा त्यांची विचारपूस करावी, अशी त्यांत तरतूद आहे. ही भीक नाही आणि उपकारही नाहीत. तुमची दोघांची नावे त्या यादीत असावीत, एवढेच माझे मागणे आहे.

तुमचे आक्षेप मला फोनवरून पाठ झाले आहेत. घरात दोघे म्हातारेच आहेत हे लिहून देणे म्हणजे आपणहून पत्ता उघड करणे, असे तुम्ही म्हणता. बाबा, घरात दोघेच आहेत हे दूधवाल्याला, केबलवाल्याला आणि जिन्यावर उभे राहणाऱ्या कुणालाही आधीच माहीत आहे. ते ज्याला माहीत नाही असा एकटा पोलीसच उरला आहे. शहाण्या माणसाने पोलीस ठाण्याची आणि कोर्टाची पायरी चढू नये, हेही तुम्ही म्हणता. पण ज्या माणसाने हवालदारांना आपल्या वर्गातल्या बाकावर आणून बसवले, त्याच्या तोंडी ते मला पटत नाही. तुमची तिसरी शंका मात्र खरी आहे. दर महिन्याला कुणी येईलच याची खात्री मी देऊ शकत नाही, कारण नियम कागदावर असतो आणि बीटवरच्या माणसावर बंदोबस्तापासून समन्स बजावण्यापर्यंतची शंभर कामे असतात. म्हणूनच ते येण्याची वाट न पाहता आपण आधी जाऊन ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

याहूनही मोठे मागणे आहे आणि ते मी भीत भीतच करते आहे. वऱ्हाळ तलावावर रोज सकाळी तुम्ही पंधरावीस जण बसता. महिन्यातून एका सकाळी बीटच्या पोलिसांना तिथेच बोलवावे आणि आळीतल्या बायकांनाही आवर्जून बोलवावे, विशेषतः काकूंसारख्या ज्या एकट्याने बाजारहाट करतात त्यांना. काही घडलेले असो वा नसो, बैठक चुकवू नये. तुमच्या गुडघ्यांना आता तिसरीचे बाक झेपणार नाहीत हे मला कळते, पण वही लिहायला गुडघे लागत नाहीत आणि तुमच्याइतकी नेटकी नोंद ठेवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. काकूंनी पहिल्या बैठकीत आपली हकीकत स्वतः सांगितली, तर दुसऱ्या चौघींच्या पाटल्या वाचतील आणि त्यांच्याही मनावरचे ओझे थोडे हलके होईल. त्यांची रीतसर फिर्याद दाखल झाली आहे ना, तेवढे आईने विचारून ठेवावे. लाजेपोटी त्या अजून गेल्या नसतील तर बाबांनी त्यांच्याबरोबर जावे.

आई, तुझ्यासाठी फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन आकडे लिहून चिकटव. तातडीच्या मदतीला ११२, ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीला १४५६७, आणि फोनवरून पैशांची फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३०. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' असे म्हणाला, तर सरळ फोन ठेवून दे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. रस्त्यातला तो तोतया आणि फोनवरचा हा एकाच माळेचे मणी आहेत.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते आणि दहापर्यंत घरी पोहोचते. तुमच्या दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि दोन-दोन फोटो काढून ठेवा, आपण तिघे मिळून पोलीस ठाण्यात जाऊ. यादीत नाव घालून झाले की आपल्या बीटवर सध्या कोण आहे ते विचारू, त्यांना भेटू आणि येताना काकूंच्या घरी त्यांना घेऊन येता आले तर पाहू. बाबा, ती खाकी कव्हराची वही बरोबर घ्या, तिच्यात मागे बरीच पाने कोरी आहेत.

तुमची,
लेक