प्रीतीचे १४.२१ सेकंद

महोदय,

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी प्रीती पालने टी-३५ गटाची (सेरेब्रल पाल्सीसारख्या विकाराने स्नायूंवरचा ताबा कमी झालेल्या खेळाडूंचा गट) १०० मीटर शर्यत १४.२१ सेकंदांत धावून कांस्य मिळवलं. धावण्याच्या शर्यतीत भारताचं हे पहिलंच पॅरालिम्पिक पदक. दोन दिवसांनी २०० मीटरमध्ये तिने आणखी एक आणलं. ३० ऑगस्टलाच नेमबाज अवनी लेखराचं सुवर्ण आलं, म्हणून बातम्यांत प्रीती मागे पडली, हे एक वेळ समजू शकतो. खटकते ती बातम्यांनी केलेली ‘पायांनी अधू’ अशी तिची बोळवण. सेरेब्रल पाल्सीत मूळ दोष पायांत नसतोच. मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूम बिघडलेला असतो.

माझ्या भाचीला हाच त्रास. पोटऱ्या ताठ, टाच टेकत नाही. बूट महिन्याभरात पुढून घासून जातात, मागून मात्र कोरे करकरीत! शाळेच्या क्रीडादिनी दरवर्षी तिच्या हाती गुण लिहायची वही देतात. यंदा ती धावते म्हणाली, तर ‘पडली तर जबाबदार कोण?’

आपल्या पत्राने अशा मुलींच्या जिल्हा-राज्य पातळीवरील शर्यतींचे निकाल वेळेसकट छापावेत. ‘जिद्दीला सलाम’ पुरे झाला. किती सेकंद लागले, भाची तेवढंच विचारते.

– एक वाचक, नाशिक