बाजाराच्या मैदानावर तंबू नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या आपत्ती नियोजनाची बातमी आपल्या अंकात वाचली. जेसीबी, रुग्णवाहिका, शोधपथकं, सगळ्याची तजवीज दिसते. पण तंबू आणि निवाऱ्यासाठी ज्या ‘मोकळ्या जागा’ धरल्या आहेत, त्यांत आठवडे बाजाराची मैदानंही आहेत. मी भुसार-किराण्याचा व्यापारी आहे. यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही.

खानदेशात कुठला आलाय भूकंप, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात झालेला भूकंप सहा रिश्टरच्या वरचा होता. तापीच्या खोऱ्याखाली भ्रंश, म्हणजे खडक सरकतात त्या भेगा, आहेत, त्या काही कुठे गेलेल्या नाहीत.

भूकंपात पक्कं दुकान पडतं. आमच्याकडे बहुतेकांचं पुढे दुकान नि मागे घर, त्यामुळे एका भिंतीबरोबर दोन्ही जातं. माल जळगावच्या दाणा बाजारातून उधारीवर आणलेला, आणि आम्ही तो गावात उधारीवरच दिलेला. उधारीची वही ढिगाऱ्याखाली, जिच्या नावावर बाकी ती बाई तंबूत. तिच्याकडे मागणार कोणत्या तोंडाने? आणि आपलंच देणं थकल्यावर दाणा बाजारातला व्यापारी पुढची गोणी देईल का? दुकान उभं राहायला विटा-सिमेंटच्या आधी ही पत लागते, आणि तिचा पंचनामा कुठलाच तलाठी करत नाही.

आठवडे बाजाराचं तसं नाही. खाली पोतं अंथरलं, तराजू धरला, की बाजार सुरू. पडण्यासारखं तिथे काही नसतंच, म्हणून सर्वांत आधी तोच उभा राहू शकतो. भाजीवाली, सुकी मिरचीवाला, चप्पल शिवणारा, हमाल यांच्या हातात पहिला रोख रुपया तिथेच येणार. नेमकी तीच जागा तंबूंना दिली की हे सगळे सरकारी ताटाच्या रांगेत जाऊन बसतात. तंबू हवेतच. पण ते शाळेच्या पटांगणात लागू शकतात, बाजार वर्गात भरत नाही.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात मधला बाजार गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या लोकांनी मालवाहू कंटेनर मांडून त्यांत दुकानं उघडली. आपल्याला कंटेनरही नकोत, जागा सोडली तरी पुरे.

किल्लारीचा धडा तर घरचाच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी वसवली, तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे शेती नसलेला शिंपी, सुतार, किराणावाला सगळे २५० मध्ये. त्यात चूल मांडायची की शिलाई मशीन? ऐसपैस रस्त्यांची नगरं कागदावर छान दिसतात. पण जुन्या गल्लीतलं दुकान येता-जाता गिऱ्हाईक मिळतं म्हणून चालायचं, हे आखणाऱ्यांना कोण सांगणार?

कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर केंद्राने नव्या कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली, मोठे उद्योग आले. चांगलंच झालं, पण शिवणाऱ्या-रंगवणाऱ्यांना त्या सवलतीचा काय उपयोग? तिथल्या धमडका गावात ठशांनी अजरख कापड छापणाऱ्यांच्या पाण्यात भूकंपानंतर लोह वाढलं, रंग बिघडू लागले. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. आमच्या रावेर-यावलच्या केळीचं सगळं विहिरी आणि ट्यूबवेलच्या पाण्यावर आहे. घर पडलं तर ताडपत्रीखाली राहू, पण पाणी खाली गेलं तर बाग किती दिवस टिकेल? आणि कापलेला घड पूल दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही. तापीवरच्या पुलांच्या तपासणीत ही निकड धरली जावी.

मदतीच्या धान्याबद्दलही बोलायला हवं. पहिले पंधरा-वीस दिवस ते आलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. त्यानंतरही बाहेरून फुकट ज्वारी-तांदळाचे ट्रक येत राहिले, तर दुकान उघडून बसणाऱ्याकडे येणार कोण? त्यापेक्षा लोकांच्या हातात रोख किंवा कूपन द्यावं, आणि ते गावातल्याच दुकानात चालावं. (आम्ही व्यापारी अशा वेळी भाव चढवतो, हा आरोप खोटा नाही. म्हणून भावफलक सक्तीचा करा, तपासणी करा.)

व्यापारी बंधूंसाठी एक. पूर्वीच्या आगीच्या विम्यात भूकंप वेगळा घ्यावा लागे. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत तो धरलेला आहे. आपली पॉलिसी कपाटातून काढून एकदा वाचा. मालाची पक्की बिलं फोनमध्ये फोटो काढून ठेवा, उधारीच्या वहीची पानंसुद्धा.

जिल्हा प्रशासनाला विनंती एवढीच की प्रत्येक बाजारगावात तंबूंची जागा आणि बाजाराची जागा वेगवेगळी दाखवावी, आणि ती यादी ग्रामपंचायत-नगरपालिकेच्या फलकावर लावावी. पुढच्या बैठकीला हमाल-मापाडी आणि भाजीविक्रेत्यांपैकी कुणाला तरी बोलवावं.

आपला,
एक भुसार व्यापारी
ता. यावल, जि. जळगाव